मोबाइल काढून घेऊ नका

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सायबर फसवणुकीवर व्याख्यान झालं. वक्ते सांगलीतलेच एक सीए. वय असेल पंचेचाळीस, बोलणं सफाईदार, पडद्यावर चित्रंबित्रं. तासाभरात त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की फोनवरच्या गुंतवणुकीत पैसे घालवणारा हावेपोटी घालवतो, म्हातारपणी हे तंत्रज्ञान झेपत नाही, तेव्हा मुलांनी वेळीच आई-वडिलांचं यूपीआय बंद करावं, ठेवी आपल्या ताब्यात घ्याव्यात आणि त्यांच्या हातात साधा बटणांचा फोन द्यावा. समोर साठएक म्हातारी माणसं बसलेली आणि हे गृहस्थ त्यांच्याबद्दल त्यांच्याच तोंडावर ‘ही मंडळी’ म्हणून बोलत होते. व्याख्यान संपल्यावर टाळ्या पडल्या, त्याही ‘ह्या मंडळींनीच’ वाजवल्या.

मी उठून बोललो नाही. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, आणि आभार मानणाऱ्याने वाद घालू नये असा आपल्याकडे संकेत आहे. पण चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस म्हणून मला हे तिन्ही मुद्दे मान्य नाहीत, आणि तिसरा तर मला घातक वाटतो. तो का, हे एका बाईंच्या हकिकतीवरून सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव लिहिणार नाही.

२०२५चा जानेवारी. माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. दुपारी तीनच्या सुमाराला बाई शाखेत आल्या. शाळेत गणित शिकवायच्या. माझ्या मुलीलाही त्यांनीच शिकवलेलं. वय चौऱ्याहत्तर. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला येऊन गेल्या होत्या. या वेळी दोन ठेवी मोडायच्या होत्या आणि चौदा लाखांची आरटीजीएस करायची होती. फॉर्म त्यांनी घरूनच भरून आणला होता. अक्षर फळ्यावरचं असतं तसं, खाडाखोड नाही. पैसे जाणार होते परराज्यातल्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या चालू खात्यात.

मी विचारलं, “बाई, ठेव का मोडताय? पाच महिन्यांवर मुदत आलीय. दंड बसेल.”

बाई हसल्या. “बसू दे.”

“कोणाला पाठवताय हे?”

“भाचा आहे. दुकान वाढवतोय.”

मी सही केली. माझ्यामागे टोकन घेतलेली अकरा माणसं होती. अर्थात ही सबबच.

त्या हसण्याचा अर्थ मला सात महिन्यांनी कळला. फोनच्या पलीकडच्या भामट्याने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, “मॅडम, बँकेत गेलात की पहिल्यांदा ठेव मोडू नका म्हणतील. त्यांना ठेवी टिकवायचं टार्गेट असतं. तुमच्या फायद्याचं त्यांना काही पडलेलं नाही.” आणि मी तोंड उघडलं ते नेमकं तेच वाक्य घेऊन! बरं, टार्गेट होतं हेही खरं. म्हणजे त्या दिवशी काउंटरवर माझ्यापेक्षा त्या भामट्याचा शब्द खरा ठरला. भाच्याचं दुकानही त्यानेच पढवलेलं. मला विचारायला हवं होतं ते वेगळंच. शेअरबाजारात गुंतवायचे म्हणून पाठवलेले पैसे कपड्यांच्या दुकानात कशाला जातात? हा प्रश्न बाईंना समोरासमोर कोणी विचारला असता तर गणिताच्या बाईंनी तो दोन मिनिटांत सोडवला असता. पण मला शेअरबाजाराचा पत्ता नव्हता, आणि त्यांना दुकानाच्या नावाकडे बघायची उसंत दिली गेली नव्हती.

हे सगळं ठरलेल्या वाटेने गेलं. व्हॉट्सअॅपवर शंभरेक जणांचा ग्रुप, त्यात एक ‘प्रोफेसर सर’ आणि त्यांची मदतनीस मुलगी. रोज सकाळी सुप्रभात, मग बाजाराचा अभ्यास, गृहपाठसुद्धा. ग्रुपमधले बहुतेक सभासद त्यांचेच, रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे. सुरुवातीला बाईंनी दहा हजार घातले आणि काही दिवसांनी त्यातले पाच हजार काढून पाहिले. ते खात्यात खरोखर जमा झाले. मग ‘खास आयपीओ’ आला, मग चौदा लाख. अॅपमध्ये आकडा वाढत वाढत एकेचाळीस लाखांवर गेला. काढायला गेल्या तेव्हा सांगण्यात आलं, की आधी नफ्यावरचा कर भरा. बाईंनी बांगड्या सोनेतारणाला ठेवून तीन लाख ऐंशी हजार भरले. (वाचकांपैकी कोणी या टप्प्यावर असेल तर इथेच थांबा. शेअरच्या नफ्यावरचा आयकर आपण सरकारला भरतो. तुमचेच पैसे सोडण्यासाठी कर आगाऊ मागणारा ब्रोकर जगात नाही.) त्यानंतर ग्रुप नाहीसा झाला.

आता हावेचं बघू. सीएसाहेब हाव म्हणतात त्याला मी स्मरणशक्ती म्हणेन. १९८६ साली सरकारने इंदिरा विकास पत्र काढलं, पाच वर्षांत दुप्पट. दोन वर्षांनी किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दुप्पट. पोस्टातल्या खिडकीवर, सरकारी शिक्क्यासह. नव्वदच्या दशकात आमच्या बँकेत साध्या ठेवीवर बारा टक्के मी स्वतः दिलेत. आज तेच किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. ज्येष्ठांच्या बचत योजनेत ८.२ टक्के मिळतात, पण तीस लाखांच्या वर ठेवता येत नाही. ज्या पिढीने ‘पाच वर्षांत दुप्पट’ हे सरकारच्या तोंडून ऐकलं, तिला ‘दोन वर्षांत दुप्पट’ ऐकून जितका धक्का बसायला हवा तितका बसत नाही. त्यात औषधांचं बिल दर वर्षी वाढतं आणि टीव्ही रोज सांगतो, की पैसा ठेवीत नुसता पडू देऊ नका. बाईंना गाडी घ्यायची नव्हती. वरच्या मजल्यावर जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावरची जागा घ्यायची होती.

शिवाय एक भेदभाव बघा. डिजिटल अटकेत, म्हणजे फोनवर पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्यांपायी, पैसे घालवणारा घाबरला म्हणून आपण हळहळतो. पंतप्रधान २०२४च्या ऑक्टोबरात ‘मन की बात’मध्ये त्यावर बोलले, सर्वोच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी तपास सीबीआयकडे दिला. तोही आधी डिजिटल अटकेचाच. गुंतवणुकीत फसलेला मात्र हावरट, त्याची पाळी नंतर. पण फोन करणारी टोळी तीच, भाड्याने घेतलेली बँकखाती तीच, पैसा पळवण्याची वाटही तीच. एकाला भीती दाखवली, दुसऱ्याला तळमजला. २०२३ साली देशात सायबर फसवणुकीत ७,४६५ कोटी रुपये गेले आणि २०२४ साली २२,८४५ कोटी, हे आकडे केंद्र सरकारने लोकसभेत दिलेत. एका वर्षात म्हाताऱ्यांची हाव तिप्पट झाली असं कोणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. मला वाटतं, धंदा तिप्पट झाला.

आणि तो धंदाच आहे, कारखान्यासारखा. म्यानमारच्या सीमेवर म्यावाडीच्या आसपास, कंबोडियात, कुंपणाआडच्या इमारतींत माणसं कोंडून त्यांच्याकडून हे फोन आणि मेसेज करून घेतले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ साली नुसत्या म्यानमारमध्ये अशी लाखाच्या वर माणसं असल्याचं म्हटलं होतं. २०२५च्या मार्चमध्ये भारताने हवाई दलाची विमानं पाठवून तिथून सुटलेल्या ५४९ जणांना परत आणलं. नोकरीच्या आमिषाने गेलेली पोरं होती ती. त्यांच्या डोक्यावरही टार्गेट, हातात लिहून दिलेले संवाद, आणि समोर एकटी बसलेली चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, जिच्याशी दिवसभरात भांडीवाली सोडून कोणी बोललेलं नाही. या सामन्याचा निकाल हावेवर लागतो असं म्हणणं म्हणजे दरोडा पडलेल्या घराला दाराच्या रंगाबद्दल बोल लावणं.

तंत्रज्ञानाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. बाई ज्या महिन्यात माझ्या काउंटरवर उभ्या होत्या त्याच महिन्यात दादरला ‘टोरेस’च्या दुकानासमोर पैसे अडकलेल्यांची गर्दी उसळली होती. खडे विकून आठवड्याला परतावा देणारी योजना.  पैसे घेऊन लोक स्वतःच्या पायांनी दुकानात गेले होते, आणि त्या गर्दीत तिशी-चाळिशीतले कितीतरी होते. फसायला वय लागत नाही. बाईंना अॅप उत्तम वापरता येत होतं. न येणारी असती तर वाचली असती.

पण एक कबुली दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोनवरून गुंतवणूक विकत घ्यायची सवय या पिढीला लावली कोणी? आम्ही. बँकांनी. ठेवीची मुदत संपायला आली की आमच्याच शाखेतून फोन जायचा, “काका, ठेवीपेक्षा चांगलं काहीतरी आलंय.” एसटीतून निवृत्त झालेला एक ड्रायव्हर ठेव पुन्हा ठेवायला आला होता, त्याला मी पाच वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी देऊन पाठवलं. “ठेवीसारखंच आहे,” हे माझेच शब्द. वर्षभराने तो हप्ता भरू शकला नाही तेव्हा माझ्या टेबलासमोर काही न बोलता बसून राहिला. त्या तिमाहीत शाखेला ढाल मिळाली होती. म्हणून ‘फोनवर गुंतवणूक सांगेल तो चोर’ हे सोपं, लहान मुलालाही समजेल असं वाक्य आज कोणतीच बँक छातीठोकपणे बोलू शकत नाही. त्याऐवजी आपल्याला फोन लावताना अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली सूचना ऐकवण्यात आली. लोक वैतागले, आणि २०२५च्या जूनमध्ये ती बंद झाली. बाई मुलाला फोन करायच्या तेव्हा त्याही ती ऐकत होत्या.

मुलाचा विषय आला. तो पुण्यात असतो, सज्जन आहे, आईवर जीव आहे. आणि इथेच व्याख्यात्यांचा तिसरा मुद्दा येतो, मोबाइल काढून घेण्याचा.

या प्रकाराच्या दोन वर्षं आधी बाईंना ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज आला होता आणि त्यात नऊ हजार दोनशे रुपये गेले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी मुलाला सांगितलं. मुलगा म्हणाला, “आई, पुन्हा असं काही झालं ना, तर फोन काढूनच घेणार आहे मी.” काळजीने म्हणाला. सीएसाहेबांनी सुचवलेला उपाय त्याने धमकीपुरताच वापरला. परिणाम काय झाला? चौदा लाख गेल्यावर बाई सात महिने गप्प राहिल्या. सोनं तारण ठेवलं तेही कोणाला न सांगता. रात्री झोप लागेना तेव्हा डॉक्टरांना सांगितलं पित्त आहे म्हणून.

१९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर कसा चालतो हे ज्याला माहीत आहे त्याला या सात महिन्यांचा अर्थ कळेल. तक्रार लगेच, तासा-दोन तासांत झाली तर पैसे पहिल्या-दुसऱ्या खात्यात असतानाच त्यांवर होल्ड लागू शकतो. एकदा ते पंधरा-वीस खात्यांत फुटले, एटीएममधून निघाले, क्रिप्टोत गेले की पोलिसांच्या हाती कागद उरतात. त्या दोन तासांत फसलेल्या माणसाने तोंड उघडणं, एवढ्या एकाच गोष्टीवर सगळं अवलंबून असतं. आणि घरातली प्रत्येक ‘आता तुझ्या हातात काही ठेवत नाही’ ही धमकी ते तोंड शिवते. भामटेही नेमकं हेच सांगतात, “घरी बोलू नका मॅडम, त्यांना कळणार नाही.” आई-वडिलांना भामट्यांचं म्हणणं पटवून द्यायचं काम मग आपण मुलं करतो.

शिवाय फोन काढून घेतला तर १९३० लावायचा कशावरून?

आज त्या फोनवर काय काय आहे ते बघा. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज, गॅस सिलिंडरचा कोड, भजनी मंडळाचा ग्रुप, नातवाचा व्हिडिओ कॉल. हयातीचा दाखलासुद्धा आता चेहरा दाखवून मोबाइलवरून देता येतो. म्हणजे जिवंत असल्याचा पुरावा ज्या यंत्रातून द्यायचा ते यंत्रच काढून घ्यायचा हा सल्ला! आणि ठेवी मुलांच्या ताब्यात द्या म्हणणाऱ्यांना आठवण करून देतो, की २००७ साली संसदेला आई-वडिलांच्या चरितार्थाचा कायदा करावा लागला, आणि त्यातलं तेविसावं कलम हे सांभाळण्याच्या अटीवर मुलांना मालमत्ता लिहून देऊन नंतर पस्तावलेल्या म्हाताऱ्यांसाठीच आहे. फोनवरचा भामटा हा एकच धोका असता तर हे कलम लागलं नसतं. काउंटरवर मी दोन्ही पाहिलेत. सही करताना आईकडे न बघणारा मुलगा मला कुठल्याही प्रोफेसर सरांइतकाच लक्षात आहे.

एक गोष्ट मान्य करतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाबाबत ताबा घ्यावाच लागतो. तिथे माझा वाद नाही. पण सत्तरी ओलांडली म्हणजे स्मृतिभ्रंश झाला असं समजून सगळ्यांना एकाच दावणीला बांधणं ही सोय आहे, काळजी नाही.

मग करायचं काय, असं मला संघातल्या एकाने विचारलं. त्याचं उत्तर घरात अर्धं आणि बँकेत अर्धं आहे.

बँकेतलं आधी सांगतो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. तेव्हा लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण द्यायचं, पण ते त्याच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांपुरतं. बाईंनी फॉर्म स्वतः भरला, सही स्वतः केली. म्हणून त्या परिपत्रकाच्या बाहेर. फसवून घेतलेली सही ही संमती कशी, हा प्रश्न ब्रिटनने स्वतःला विचारला आणि ७ ऑक्टोबर २०२४पासून नियम केला, की अशा फसवणुकीत ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी करायची. निम्मी पैसे पाठवणाऱ्या बँकेने आणि निम्मी, हे महत्त्वाचं, पैसे घेणाऱ्या बँकेने. कपड्यांच्या दुकानाचं ते चालू खातं कोणत्या तरी शाखेत कोणी तरी उघडलंच होतं ना! पेन्शनरकडे केवायसीची झेरॉक्स तीनदा मागणारे आम्ही, त्या दुकानात हँगर तरी आहेत का हे बघायला कोण गेलं होतं? निम्मी भरपाई खिशातून जायला लागली की बघायला जातील.

सिंगापूरने १ जुलै २०२५पासून पोलिसांना अधिकार दिला, की माणूस फसतोय आणि ऐकत नाही असं दिसलं तर त्याचे व्यवहार तीस दिवस थांबवायला बँकेला सांगायचं. हे मला जरा जास्त वाटतं. मला आवडते ती अमेरिकेतल्या ब्रोकरांची २०१८पासूनची पद्धत. खातेदाराला शुद्धीत, निवांतपणी विचारायचं, की तुमचा भरवशाचा माणूस कोण? त्याचं नाव लिहून ठेवायचं. पासष्टीपुढच्या खातेदाराच्या व्यवहारात काही वावगं दिसलं तर पैसे काही दिवस रोखायचे आणि त्या माणसाला फोन करायचा. त्याला शिल्लक दिसत नाही, सहीचा अधिकार नाही, फक्त फोन येतो. कोणाला निवडायचं हे म्हातारा माणूस ठरवतो. मुलगा असेल, शेजारीण असेल, जुनी विद्यार्थिनी असेल. व्याख्यानानंतर चहा घेताना सीएसाहेब म्हणाले होते, “बँकेने अडवलं तर ज्येष्ठांचं स्वातंत्र्य जात नाही का?” स्वतःच स्वतःसाठी घातलेल्या कडीला कोणी तुरुंग म्हणत नाही. नॉमिनी आपण असाच नेमतो.

घरातलं अर्धं काम एका वाक्याचं आहे, पण ते संकट येण्याआधी बोलायला हवं: “आई, पैसे गेले तरी मी ओरडणार नाही, फोनही काढून घेणार नाही, फक्त मला त्याच दिवशी सांग.” यूपीआयची मर्यादा कमी करायची असेल तर तिच्या हाताने, तिला विचारून करा. आणि मोठी रक्कम पाठवण्याआधी पैसे ज्या नावावर जाणार आहेत ते नाव मोठ्याने वाचायची सवय दोघांनीही लावून घ्या. बाईंचा मुलगा आता दर रविवारी त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या व्हॉट्सअॅपवरचे अनोळखी मेसेज वाचतो. त्या त्याचे वाचतात. त्यालाही येतात.

मी स्वतः माझ्या शाखेत, जिथे अनेक वर्षं माझं टेबल होतं, अर्ज दिलाय: माझ्या खात्यातून नव्या माणसाला दोन लाखांवर रक्कम जाणार असेल तर ती चोवीस तास थांबवावी आणि माझ्या धाकट्या बहिणीला फोन करावा. नव्या मॅनेजरने अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, “सर, असा फॉर्मच नाही आपल्याकडे.” तरी त्याने दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून दिला. त्याला आता सात आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही.